बगैर घोडा

"हरवल्याला न्हाय साहेब, काढल्याला हाय," रेवणप्पा म्हणाला आणि त्यानं बंदूक उजेडाकडे तिरपी धरली.

मुरूमच्या बाजारात आडतीच्या दुकानांच्या शेवटी त्याची बोळकांडीसारखी जागा होती. कुलपं, अडकित्ते, वजनकाटे आणि परवानेवाल्यांच्या बंदुका एवढ्या वस्तू तो दुरुस्त करायचा. मी उस्मानाबादहून सकाळच्या बसनं आलो होतो, बंदूक जुन्या चादरीत गुंडाळून, परवाना कोटाच्या आतल्या खिशात ठेवून. बसमध्ये चादरीतला ऐवज सगळ्यांनी ओळखला होता आणि कुणी काही बोललं नव्हतं. माझ्या शेजारची जागा मात्र तुळजापूरपर्यंत रिकामी राहिली. आमच्या घरातली ही एकनळी बंदूक आजोबांनी हैदराबादेत घेतलेली. तेरच्या शिवारात तिनं दोन पिढ्या रानडुकरं मारली. आता तिला घोडा नव्हता. चाप ओढला की जो खाडकन खाली येतो आणि ज्याच्या ठोशानं काडतूस पेटतं, तो बोटभर लांबीचा वाकडा लोखंडी तुकडा म्हणजे घोडा. तो नसला की बंदुकीत आणि नळी लावलेल्या लाकडात काही फरक राहत नाही. तेवढा तुकडा नवा घडवून बसवायला मी आलो होतो. वाटलं होतं, माप घेईल, तारीख देईल, मी दुपारच्या बसनं परत. पण रेवणप्पानं चष्मा लावला, घोड्याच्या रिकाम्या जागी अंगठ्याचं नख फिरवलं, नखाला काहीतरी पिवळट लागलं, ते त्यानं हुंगलं.

"मेण हाय बगा. घोडा पडला असता तर हितली कड फाटली असती की. कुणी उचकटला असता तर मळसूत्र खाल्लं असतं. हितं इस्क्रू बेतानं काढलाय, घोडा उचलून घेतलाय, इस्क्रू परत जागच्या जागी लावलाय. वरनं मेण भरलंय, गंज चढू नये म्हणून. चोर असलं लाड करतोय व्हय? मालकाच्या हातचं काम हाय हे."

"बारा वर्षं ही सरकारी मालखान्यात पडून होती," मी म्हणालो. "तिथंच कुणीतरी काढला असेल."

"मालखान्यातला माणूस मेण कशाला भरंल?" त्यानं सहज विचारलं. "वडील हायत का तुमचे?"

"नाहीत. त्रेपन्न साली गेले."

"मग कुणाला इचारणार," असं म्हणून त्यानं कागदाचा कपटा घेतला आणि घोडा ज्यावर बसतो त्या चौकोनी खुंट्यावर दाबून त्याचं माप उठवलं. आठ दिवसांनी या म्हणाला. बंदूक ठेवून घेतल्याची पावती दिली. मी रिकाम्या चादरीची घडी काखेत मारून बसस्टँडवर आलो आणि मला कळलं की माझी दुपार बिघडली आहे.

बिघडण्याचं कारण होतं आणि ते मला चांगलं ठाऊक होतं, म्हणूनच मी बसच्या खिडकीतून ज्वारीच्या कणसांकडे फार लक्ष देऊन बघत राहिलो. दोन महिन्यांपूर्वी, परवाना माझ्या नावे झाल्यावर बंदूक मालखान्यातून मला परत मिळाली. चादर सोडून बघितली तर घोडा नाही. मी त्याच दिवशी अर्ज दिला: वारसाहक्कानं मिळालेल्या हत्याराचा भाग सरकारी ताब्यात असताना गहाळ, तरी जबाबदार इसमाची चौकशी व्हावी. अर्ज लिहिणं हा माझा धंदाच आहे. मराठवाडा मुंबई राज्यात गेला तेव्हा कचेरीत नवे साहेब आले, देशावरचे, त्यांना उर्दू येईना आणि जुनी सगळी दप्तरं उर्दूत. मी उर्दू शाळेत शिकलो, पण तेरला गल्लीतल्या पोरांबरोबर पाटीवर बालबोधही गिरवलं होतं, म्हणून मला भाषांतरकाराची जागा मिळाली. गेली साडेतीन वर्षं मी मेलेल्या माणसांची घरं, विहिरी, आंब्याची झाडं एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेऊन ठेवतो आणि प्रत्येक पानाखाली लिहितो: भाषांतर मुळाबरहुकूम आहे. खाली सही, हैदर महेबूब. मालखान्याचं अठ्ठेचाळीस सालचं रजिस्टरही मीच मराठीत केलेलं. माझ्या अर्जावर साहेबांनी ते मागवलं, हत्यारांचा रकाना वाचला. 'एकनळी बंदूक, एक नग.' घोडा नाही असं कुठंच लिहिलेलं नाही, अर्थात आली तेव्हा सबंध होती, अर्थात आत असताना मोडली. मालखाना इतकी वर्षं बिभीषण हवालदाराच्या ताब्यात. महिन्याभरात तो निवृत्त होणार होता. त्याचे कागद अडकले.

तो माझ्या घरी आला होता. उंबऱ्याबाहेर उभा राहिला, टोपी काखेत. "साहेब, ती बंदूक घोड्याबिगरच आल्ती. म्या सोता घेतल्ती, तेरच्या चौकीत. तवा म्या तितंच हुतो." मी म्हणालो, "कागद तसं म्हणत नाही." आत ये म्हणालो नाही. आतून आईनं चहाची कपबशी पुढं केली तेव्हा त्यानं चहा उभ्यानं, बशीत ओतून, घाईनं संपवला आणि कपबशी खाली ठेवताना उंबऱ्याच्या आत हात येऊ नये याची काळजी घेतली. "तीस वर्सं नोकरी झाली," एवढंच म्हणाला. "जाताना चोर म्हनून जायाचं जिवावर येतंय." मला त्याचं तसं उभं राहणं आवडलं होतं, हे लिहायला लाज वाटते पण आवडलं होतं. अठ्ठेचाळीसच्या त्या सप्टेंबराबद्दल मी आजवर कुणालाच काही विचारू शकलो नव्हतो. कुणाला विचारणार? आणि आता एक खाकी कपड्यातला माणूस माझ्या दारात, माझ्या कागदापुढं, उत्तर द्यायला बांधलेला.

नळदुर्गला बस थांबली. लोक उतरून चहा प्यायले, मी बसून राहिलो. मालकाच्या हातचं काम. वडिलांचे हात मला आठवत होते, बोटं आखूड, नखं कायम काळी. डुकराच्या शिकारीला गावचे शेतकरी त्यांना बोलवायला यायचे. "महेबूबभाई, उसात शिरलंय बगा," म्हणायचे, आणि वडील जेवत असले तरी उठायचे. परत आले की बंदूक उघडून नळीतून चिंधी ओढायचे, तेलाचं बोट फिरवायचे, हे सगळं न बोलता. आमच्याकडे मेण असायचं ते आई पायाच्या भेगांना लावायची. मेणाचा विचार मनात आला आणि मी तो बाजूला सारला. बाजूला सारण्यात मी तरबेज आहे.

अठ्ठेचाळीस सालची गोष्ट मी कुणाला सांगत नाही, सांगायची झाली तर अर्धीच सांगतो. पूर्ण अशी आहे. मी एकोणीस वर्षांचा होतो. त्या उन्हाळ्यात दोन महिने मी रझाकारांच्या कवायतीला गेलो, हातात भाला म्हणून रंगवलेली काठी. घोषणा दिल्या, एकदा बाजारात एका वाण्याची टोपी उडवली आणि हसलो. वडिलांना कळलं तेव्हा त्यांनी मला गोठ्यात नेऊन मारलं. आयुष्यात एकदाच. मग पोलीस ॲक्शन झाली, चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य गेलं, आणि ज्या गावांत लोकांनी वर्षभर मार खाल्ला होता तिथले लोक आता निघाले. मिलिटरी आल्याच्या चौथ्या दिवशी आमच्या दारात आले. साठ-सत्तर जण असतील, आसपासच्या वाड्यांचे, काही आमच्या गावचे. पुढं बलभीम होता, माझ्याच वयाचा, आमच्या बांधाला लागून त्यांचं शेत, ज्याच्या पाटीवर मी बालबोध शिकलो तो. त्याच्या हातात कुऱ्हाड होती. वडील दारात उभे राहिले, बंदूक घेऊन. मी त्यांच्या मागं. मी ओरडत होतो, "चालवा! चालवा ना!" ते हलले नाहीत. मी मागून बंदुकीला हात घातला तेव्हा त्यांनी कोपर माझ्या बरगडीत इतक्या जोरात मारलं की मी खाली बसलो. लोक थोडा वेळ थांबले. मग कुणीतरी गोठ्याकडं गेलं. त्यांनी कडबा पेटवला, बैल सोडून नेले, पेवातली ज्वारी काढली. दाराच्या आत कुणी आलं नाही. एक दगड वडिलांच्या कपाळाला लागला, रक्त डोळ्यात उतरलं, तरी ते तसेच उभे आणि तरी गोळी नाही. भरलेली बंदूक हातात असलेला माणूस डोळ्यांदेखत आपलं घर लुटू देतो. मी ते बरगडी धरून बघितलं.

त्यानंतर वडील पाच वर्षं जगले आणि मी त्यांच्याशी कामापुरतं बोललो. एकदाच, जेवताना, बैलांचा विषय निघाला तेव्हा मी म्हणालो, "तुम्ही भित्रे होतात म्हणून गेले." घरात आम्ही दखनी बोलतो, मी म्हणालो तो शब्द होता डरपोक. आईचा हात परातीत थांबला. वडिलांनी पुढ्यातली भाकरी संपवली, पाणी प्यायले आणि रानात गेले. मी त्यांच्याकडे बघितलंही नाही. ते गेले तेव्हा मी उस्मानाबादला होतो, मातीला पोचलो, हाताला माती लागली ती धुतली. मग बंदूक परत मागायचं माझ्या डोक्यात आलं. आईला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "कशाला?" मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला कशाचंच काही वाटत नाही. मला ती भिंतीवर हवी होती. का हवी होती ते मी मलाही नीट सांगितलं नव्हतं. बहुतेक येता-जाता बघून राग ताजा ठेवता यावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेल्यावर पहिल्यांदा मी दप्तरखान्याची किल्ली मागितली. मूळ उर्दू रजिस्टर तळाच्या फळीवर होतं, कडा वाळवीनं खाल्लेल्या. मुन्शीचं अक्षर घाईचं, एकमेकांत गुंतलेलं. त्या आठवड्यांत चौकीत जे जे आलं ते सगळं एकाखाली एक लिहिलेलं: तलवारी, भाले, बेवारशी बैल, एक छकडा, एक ग्रामोफोन. पान मला शोधावं लागलं नाही. ते कुठं आहे हे मला माहीत होतं, कारण सत्तावन्न साली भाषांतर करताना त्या पानाशी मी आलो होतो, 'महेबूब वल्द कासिम, साकिन तेर' हे वाचलं होतं आणि थांबलो नव्हतो. दोनशे पानांच्या रजिस्टरात तेवढी एकच नोंद मी न वाचता उतरवली. डोळ्यांनी उचलली आणि हातानं टाकली. आता बोट ठेवून वाचली. 'बंदूक एकनाली, एक अदद,' इथं ओळ संपली होती. पुढचे दोन शब्द खालच्या ओळीवर गेले होते, एकटेच: 'बगैर घोडा.'

मी माझं मराठी रजिस्टर शेजारी उघडलं. छापील नमुना, रकाने पाडलेले: हत्यारे, वाहने, जनावरे, इतर. हत्यारांत माझ्या वळणदार अक्षरात 'एकनळी बंदूक, एक नग'. आणि जनावरांच्या रकान्यात, तितक्याच वळणदार अक्षरात, 'घोडा: नाही'.

मी हसलो. दप्तरखान्यात एकटाच उभा राहून मोठ्यानं हसलो, शिपायानं डोकावून बघितलं. ज्या माणसाचा बाप बंदुकीची साफसफाई करताना रोज घोडा-घोडा म्हणायचा, त्यानं घोड्याला जनावरांत नेऊन बांधलं होतं. आणि गंमत अशी की ह्या शब्दाला भाषांतराची गरजच नव्हती. उर्दूत घोडा, मराठीत घोडा. सगळ्या रजिस्टरात जो एक शब्द जसाच्या तसा उतरवून चालला असता, तोच मी चुकवला. साहेबांनी जनावरांचा रकाना कशाला वाचावा? वाचला असता तरी त्यांना एवढंच वाटलं असतं की ह्या इसमाकडं घोडा नव्हता. ज्यांच्याकडं घोडा नाही असे लोक पुष्कळ असतात. मग हसू थांबलं. बिभीषण हवालदार खरं बोलत होता. खोटा मी होतो, सहीशिक्क्यासकट.

रजिस्टर मिटून मी जागेवर आलो, चहा मागवला, तो निवला. ते रजिस्टर वाचू शकणारी माणसं कचेरीत दोनच, एक मी आणि दुसरे म्हातारे मुन्शीजी, ज्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माझा नोकरीत कायम होण्याचा हुकूम त्याच महिन्यात निघायचा होता. भाषांतरकाराची चूक म्हणजे साधी चूक नाही, मग सगळीच पानं संशयात येतात, बाकीच्यांच्या विहिरी आणि आंब्याची झाडंसुद्धा. मी शनिवारपर्यंतचे दिवस ह्या हिशेबात काढले. हवालदार व्हरांड्यात दिसायचा, बाकावर बसलेला, साहेबांनी बोलावण्याची वाट बघत. मला नमस्कार करायचा. मीही करायचो. शनिवारी त्यानं नमस्कार केला आणि माझा हात वर होईना. एवढंच झालं. थोर विचार वगैरे काही केला नाही. हात वर होईना म्हणून रविवारी दुपारी त्याच्या घरी गेलो.

गावाबाहेर, जुन्या कबरस्तानापलीकडे त्याचं दोन खणांचं घर. अंगणात तो बाज विणत बसला होता. मला बघून गडबडीनं उठायला लागला. मी म्हणालो, बसा. तो म्हणाला, मग ह्ये टोक जरा ताणून धरा, सैल पडतंय. मी सुंभाचं टोक धरून समोर बसलो आणि सगळं सांगितलं. शब्द खालच्या ओळीवर कसा गेला, रकाना कसा चुकला, अन् मी ते पान का वाचलं नाही, तेही. त्याचा हात थांबला नाही, दोरी खालून वर, वरून खाली जात राहिली.

"म्हंजी जनावरात गेला व्हय घोडा," तो म्हणाला आणि खुदकन हसला. "म्हंजी आता माजं नाव निर्मळ?"

"उद्या सकाळी अर्ज देतो. माझ्या सहीनं."

"तुमास्नी तरास हुईल."

"होईल," मी म्हणालो. मग जे विचारायचं होतं ते विचारलं. "हवालदार, बंदूक तुम्ही घेतलीत. घोडा कुठं गेला, हे वडिलांना विचारलं नाहीत?"

"इचारलं की." त्यानं दोरीला गाठ मारली, दातानं आवळली. "मुन्शी लिहीत हुता. म्या म्हनलं, महेबूबभाई, हिचा घोडा? म्हनले, नदीत टाकला. कवा? तर म्हनले, मिल्ट्री आली त्याच सकाळी. म्या म्हनलं, आवो, हीच तर येळ हुती बंदूक जवळ ठिवायची, आन् तुमी मोडून बसला? तर म्हनले, घरात एकोणीस वर्साचं पोरगं हाय. बंदूक धड असली तर त्ये चालवंल."

माझ्या हातातून टोक सुटलं. विणलेला पट्टा सैल पडला. त्यानं वाकून ते उचललं आणि परत माझ्या हातात दिलं.

"हे चौकशीत का नाही सांगितलं?" मला माझा आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "तुमची लगेच सुटका झाली असती."

"सांगून काय झालं असतं? साहेब म्हनला असता, का वो, पोरगं तसलं का हुतं? मग तुमी कवायतीला जात हुता हे आलं असतं. तुमी आता कचेरीत हाय, सरकारी मानूस." तो खाली मान घालून विणत होता. "कागद तसं म्हनत न्हाय म्हनला तुमी. म्हनलं, असंल. माजं काय, माजी नोकरी संपलीच."

मी त्याची बाज पुरी होईपर्यंत बसलो. निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. कबरस्तानाच्या कडेनं चालताना मी दिवस मोजले. मिलिटरी आली त्या सकाळी घोडा नदीत गेला. लोक आले चौथ्या दिवशी. म्हणजे दारात वडील उभे होते तेव्हा त्यांच्या हातात लाकूड होतं. साठ-सत्तर माणसं समोर, कुऱ्हाडी, दगड, आणि हातात लाकूड. आता मला त्यांचा उजवा हात दिसला. हात बंदुकीच्या मानेवर पालथा होता, पंजा पसरून. शिकारीत ते तसा कधीच धरत नसत. रक्त डोळ्यात उतरलं तरी पुसायला तो हात त्यांनी उचलला नाही. हात उचलला असता तर घोड्याची रिकामी जागा बलभीमला दिसली असती. मलाही दिसली असती. माझ्यासाठी त्यांनी बंदूक निकामी केली आणि मग निकामी बंदूक घेऊन माझ्याच पुढं उभे राहिले. आणि मी मागून चालवा चालवा म्हणत होतो. ती चालली असती, माझ्या हातात आली असती, तर मी बलभीमला मारलं असतं. ह्यात मला काही शंका नाही. मला कवायतीत शिकवलं होतं की छातीत मारायचं. बलभीम आज तेरला ग्रामपंचायतीत आहे, त्याला दोन मुली आहेत, बाजारात भेटला की हात धरून चहाला नेतो आणि आम्ही दोघं पिकापाण्याचं बोलतो. मग त्या साठ-सत्तर जणांनी काय केलं असतं, आईचं काय झालं असतं, तिथवर विचार गेला आणि मी रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसलो.

सोमवारी अर्ज दिला. साहेबांनी दोनदा वाचला, मग घोड्याच्या रकान्यावर तेही हसले, आणि हसून झाल्यावर लेखी ताकीद दिली. कायम होण्याचा हुकूम वर्षभर पुढं ढकलला. मालखान्याच्या रजिस्टराचं सबंध भाषांतर नव्यानं करायचं, घरी बसून, ही शिक्षा. बिभीषण हवालदाराचे कागद आठवड्यात सुटले. त्याचा निरोप झाला तेव्हा शेवटच्या रांगेत मीही टाळ्या वाजवल्या.

ठरल्या दिवसाच्या तीन दिवस उशिरा मी मुरूमला गेलो. रेवणप्पानं जुन्या मोटारीच्या पाट्याच्या लोखंडातून घोडा घडवला होता, कानशीनं घासून गुळगुळीत केला होता, अंगठा ठेवायच्या जागी बारीक रेघा पाडल्या होत्या. "ओढून बगा," म्हणाला. मी घोडा मागं ओढला, दोन वेळा टक् वाजलं, चाप दाबल्यावर तो पडला. आवाज लहानपणच्याइतका जाड नव्हता. नवीन हाय, रुळंल की, असं तो म्हणाला. तुळजापूरपर्यंत शेजारची जागा पुन्हा रिकामी.

घरी आई तांदूळ निवडत होती. मी बंदूक तिच्यासमोर चटईवर ठेवली. तिनं हात पदराला पुसले आणि एक बोट नव्या घोड्यावरून फिरवलं, वरून खाली, डोळे नीट दिसत नसल्यासारखं. मग बोट काढून घेतलं.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"मेण मीच दिलं," आई म्हणाली.

तिनं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. मी तिला विचारलं, मग मला का सांगितलं नाही? त्या दिवशी मी जेवताना ते बोललो तेव्हा तरी का सांगितलं नाही? पाच वर्षं मी त्या माणसाकडं धड बघितलं नाही, मातीला गेलो तोसुद्धा उपकार केल्यासारखा गेलो. मला आवाज चढवायचा नव्हता पण चढला, आणि मग मोडला, आणि मी तिच्यासमोर लहान मुलासारखा रडायला लागलो. आई सूप मांडीवर धरून बसली होती. ती म्हणाली, मी त्यांना रात्रंदिवस म्हणत होते, सांगून टाका, पोरगं हातचं चाललंय. ते ऐकत नव्हते. मला शपथ घातली. मी विचारलं, का? काय म्हणत होते?

इतकं सगळं मी मराठीत लिहिलं. तिचं वाक्य मात्र मुळाबरहुकूम ठेवतो.

"उनो बोलते थे, मेरेकू डरपोक समजने दे. अपनेकू खुनी समजेगा तो जियेगा कैसा?"